फरशी खचते तेव्हा

तळमजल्यावरची फरशी कोपऱ्यात खचली, की दोष बहुधा फरशीचा नसतो, खालच्या भरावाचा असतो. फरशीवर नाण्याने ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर आधार सुटलाय. अशा जागी वरून सिमेंट ओतून भागत नाही. फरशी काढा, मुरूम साधारण 15 सेंटिमीटरच्या थरांत घाला, पाणी मारून प्रत्येक थर धुम्मसाने नीट ठोकून घ्या. इथे घाई अजिबात नको. सपाटी पाहायला गवंड्याची पाण्याची पारदर्शक नळी उत्तम. दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर राहतं, फक्त आत हवेचा बुडबुडा नसावा. न्हाणीघरात मात्र जाळीकडे उतार हवाच. आणि हो, भराव ओला लागला, तर काम सुरू करण्याआधी गळका पाइप शोधा.