मटिल्डा नावाची गोष्ट



कवितेच्या नादाने मला नावांचा छंद लागला. एखादा शब्द बोलण्यातून केव्हाच हद्दपार झालेला असतो, पण कुणाच्या तरी नावात तो शेकडो वर्षं सुखाने नांदत असतो. आज अशाच एका नावाविषयी बोलायचं आहे. नाव परदेशी आहे, मटिल्डा.

तसं ते आपल्याला अगदीच अनोळखी नाही. आपल्याकडच्या ख्रिस्ती कुटुंबांत ते ऐकू येतं. २०२१ साली 'फोर्ब्ज इंडिया'ने कर्तबगार स्त्रियांची यादी काढली, तेव्हा ओडिशातल्या सुंदरगढ जिल्ह्यातल्या आशा सेविका मटिल्डा कुल्लू यांचं नाव तिच्यात होतं. खेड्यापाड्यांत सायकलवरून फिरून औषधं पोचवणाऱ्या या बाईंना ते नाव शोभून दिसतं. का, ते अर्थ सांगितल्यावर कळेल.

जुन्या जर्मन लोकांत दोन शब्द जोडून नाव करायची रीत होती. आपण 'जय' आणि 'श्री' जोडून जयश्री करतो, तसंच. मटिल्डामधला पहिला शब्द आहे 'माख्ट', म्हणजे बळ. दुसरा 'हिल्ड', म्हणजे लढाई. लढाईत बळ दाखवणारी ती मटिल्डा. हिल्डा हे नावही त्याच 'हिल्ड'चं. पाळण्यातल्या मुलीला फुलाचं किंवा नदीचं नाव न देता लढाईचं नाव देणारी ही माणसं कशी असतील, असं मला नेहमी वाटतं.

या नावाच्या काही बायकांनी ते खरं करून दाखवलं. इटलीतल्या टस्कनीची मटिल्डा (१०४६ ते १११५) मोठ्या मुलखाची धनीण होती. पोप सातवा ग्रेगरी आणि जर्मन राजा चौथा हेन्री यांच्यात वाद पेटला, तेव्हा ती पोपच्या बाजूने उभी राहिली. १०७७ च्या जानेवारीत हा राजा पोपची क्षमा मागायला आला आणि तीन दिवस बर्फात ताटकळला. तो ज्या दाराशी उभा होता, ते कानोसाच्या किल्ल्याचं दार होतं आणि किल्ला होता मटिल्डाचा. पुढे सतराव्या शतकात तिचे अवशेष रोमला सेंट पीटर चर्चमध्ये नेण्यात आले. तिथली तिची कबर बर्निनीसारख्या नामांकित शिल्पकाराची आहे.

दुसरी मटिल्डा इंग्लंडची. पहिल्या हेन्री राजाची ही मुलगी ११०२ साली जन्मली. बारा वर्षांचीही नव्हती, तेव्हा तिचं लग्न झालं ते बर्फात उभ्या राहिलेल्या त्याच हेन्रीच्या मुलाशी, सम्राट पाचव्या हेन्रीशी. ११२० मध्ये तिचा सख्खा भाऊ जहाज बुडून गेला. ११२५ मध्ये नवराही गेला. बापाने सरदारांना शपथ घालून घेतली की माझ्यामागे गादी माझ्या मुलीची. ११३५ मध्ये बाप गेला आणि शपथा हवेत विरल्या. तिचा चुलत्या-आत्यांपैकी आत्याचा मुलगा, स्टीफन, गादीवर बसला.

ती गप्प बसली नाही. ११३९ मध्ये ती इंग्लंडला आली आणि ११४१ मध्ये तिच्या माणसांनी स्टीफनला कैद केलं. राज्याभिषेकाची तयारी सुरू झाली आणि ऐन वेळी लंडनकरांनी तिला हुसकून लावलं. गंमत म्हणजे, स्टीफनच्या वतीने फौज उभी करणाऱ्या त्याच्या राणीचं नावही मटिल्डाच! पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात ऑक्सफर्डच्या किल्ल्याला वेढा पडला असताना ही बाई रात्री बर्फातून निसटली. मुकुट तिच्या डोक्यावर कधीच आला नाही. पण ११५४ मध्ये तिचा मुलगा दुसरा हेन्री राजा झाला.

११६७ मध्ये ती वारली. तिच्या कबरीवर काय लिहिलं असेल? हेन्रीची मुलगी, हेन्रीची बायको आणि हेन्रीची आई, असा त्याचा आशय आहे. तीन हेन्रींच्या मधोमध ती आहे. तिने गौरव म्हणूनच हे वाचलं असतं, त्या काळची रीतच तशी होती. पण तिने स्वतः दिलेल्या लढाईचा त्यात मागमूस नाही, हे आज आपल्या लक्षात आल्यावाचून राहत नाही.

तिच्या आईची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. ती स्कॉटलंडची राजकन्या. तिचं जन्मनाव ईडिथ. ११०० साली पहिल्या हेन्रीशी लग्न झालं आणि ती मटिल्डा झाली. इंग्रजी कानांचं ईडिथ जाऊन नव्या नॉर्मन राज्यकर्त्यांना रुचणारं नाव आलं. श्रोतेहो, हे ऐकताना मराठी माणसाला तांदळाचं ताट आठवणारच. त्या तांदळात अंगठीने नवरीचं नवं नाव लिहायचं आणि त्या घटकेपासून माहेरचं नाव फक्त माहेरी उरायचं.

आमच्याकडे निकाहात मुलीचं नाव बदलत नाही. काझीसमोर ती स्वतःच्या आणि बापाच्या नावानेच उभी असते. पण म्हणून ते नाव टिकतं, असं समजू नका. पहिलं मूल झालं की मोहल्ला तिला 'सलीमची अम्मी' म्हणू लागतो. चाळीस वर्षांनी तिचं खरं नाव फक्त रेशनकार्डाला ठाऊक असतं. त्या हाकेत माया असते, आदरही असतो, हे मी नाकारत नाही. पण नाव मात्र हरवलेलं असतं.

अमेरिकेतल्या एका मटिल्डाने याच हरवण्यावर बोट ठेवलं. मटिल्डा जॉसलिन गेज (१८२६ ते १८९८) या स्त्रियांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या लेखिका. बायकांनी लावलेले शोध पुरुषांच्या नावावर कसे जमा होतात, हे त्यांनी १८७० मध्ये एका पुस्तिकेत मांडलं. पुढे १९९३ मध्ये विज्ञानाच्या इतिहासकार मार्गारेट रॉसिटर यांनी या प्रकाराला 'मटिल्डा परिणाम' असं नाव दिलं. त्याचं ठळक उदाहरण म्हणजे लीझा माइटनर. अणुविखंडनाचा उलगडा करण्यात त्यांचा मोठा वाटा होता, पण १९४४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते एकट्या ऑटो हान यांना. आणि गेजबाईंची ओळख आजही अनेक ठिकाणी कशी करून देतात? 'विझर्ड ऑफ ऑझ' लिहिणाऱ्या फ्रँक बाम यांच्या सासूबाई म्हणून!

नावाचा प्रवास मात्र थांबला नाही. ऑस्ट्रेलियात मटिल्डा म्हणजे भटक्या मजुराच्या पाठीवरचं गाठोडं झालं आणि १८९५ च्या एका गाण्याने ते गाजलं. त्याच देशाच्या महिला फुटबॉल संघाने आज ते नाव अभिमानाने मिरवलं आहे. २०२३ च्या विश्वचषकात या 'मटिल्डां'नी चौथा क्रमांक मिळवला. लढाईचं नाव पुन्हा मैदानावर आलं.

आपल्या घराकडेही पाहू. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये एक निर्णय घेतला. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावानंतर आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव, असा क्रम सरकारी कागदपत्रांत ठरला. कागदावरचा एक शब्द, पण तो ज्या जागी बसला आहे ती जागा मोठी आहे. शाळेतल्या हजेरीपटावर, गुणपत्रिकेवर, ओळखपत्रावर त्या मुलाची आई आता नावाने असेल.

ज्या मुली-मुलांच्या दाखल्यांवर हे नाव आलेलं नाही, त्यांनी, म्हणजे तुम्ही आम्ही, एक करता येईल. आजच्या सुटीच्या दिवशी आपल्या आजीचं, पणजीचं माहेरचं नाव घरातल्या जाणत्या माणसाला विचारा. सांगणारं माणूस आहे तोवर विचारा आणि एका वहीत लिहून ठेवा. त्या नावाचा अर्थ काय, ते कुणी ठेवलं, तेही लिहा. बळ आणि लढाई त्यातही सापडेल.