खुला वॉर्ड

(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



एरवी तुम्ही मला कविता म्हणायला बोलावता. आज पडलेला उमेदवार म्हणून बोलावलंत. फार फरक नाही. दोन्हीकडं ओरडायचं आपण आणि मोजणारा दुसराच.

१५ जानेवारी २०२६ ला मुंबई महानगरपालिकेचं मतदान झालं, १६ ला मोजणी. मी अपक्ष उभा होतो, डिपॉझिट घालवून घरी आलो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटाची वाट बघत कुणी ताटकळायला नको.

मी मॅट्रिक. गोदीत ठेकेदाराच्या टोळीत काम करतो. आजा गोदीत होता, बाप गोदीत होता, त्यांच्याकडं बिल्ला होता. माझ्याकडं पास आहे, तोही ठेकेदाराच्या मर्जीवर. काम आलं तर पाळी, नाही तर गेटावरून माघारी.

उभा राहतोय म्हणून टोळीत सांगितलं तो दिवस नीट आठवतो. लोखंडी कॉइलींचं जहाज धक्क्याला लागलेलं. दुपारची सुट्टी. शेडच्या सावलीला डबे उघडले होते. मुकादम म्हणाला, "वॉर्ड कुठला तुझा? राखीव सुटला काय?"

मी म्हणालो, "नाही. खुला आहे."

"मंग तू कसा काय उभा ऱ्हातूस?"

त्याच्या आवाजात राग नव्हता, टिंगल नव्हती. त्याला खरोखरच कळत नव्हतं. आणि ऐका, मुकादम आपलाच आहे. जयंतीला निळी टोपी घालून पुढं नाचणारा. त्याचा हात भाकरीवर थांबला होता आणि तो माझ्याकडं असा बघत होता, जणू मी दुसऱ्याच्या घरात घुसायची भाषा बोलतोय.

त्या दिवसापासून हा शब्द माझ्या डोक्यात कॉइलीसारखा बसलाय. खुला. कुणाला खुला?

मुंबईत वॉर्ड २२७. त्यातले १५ अनुसूचित जातींना, २ जमातींना, ६१ इतर मागासवर्गाला. उरले १४९, त्यांना कागदावर सर्वसाधारण म्हणतात आणि बोलताना खुले. १९९३ पासून ७४ वी घटनादुरुस्ती लागू आहे. लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव जागा द्या, त्या फिरत्या ठेवा, असं तिच्यात आहे. १५ हा तळ झाला. छप्पर म्हणून तो कुठंही लिहिलेला नाही. पण प्रस्थापित पक्षांच्या कचेरीत तिकीट मागायला जाऊन बघा. "तुमच्या पंधरा हायेत की!" बोलणारा हसून बोलतो, चहा पाजून बोलतो. म्हणजे आपल्याला दिलेला दरवाजा दाखवून बाकीचं घर बंद. गावात वाडा खुला असतो ना, तसा. आपण अंगणापर्यंत.

आणि त्या पंधराचं तरी काय? १९३२ च्या पुणे करारानं आपल्या हातातला स्वतंत्र मतदारसंघ गेला. राखीव जागेवर उमेदवार आपला, पण मतपेटी सगळ्यांची. मग जो सगळ्यांना चालतो, म्हणजे ज्याचं तोंड चालत नाही, तो निवडून येतो. १९५२ साली बाबासाहेबांना मुंबईत पाडलं तेही असंच. समोर काँग्रेसचे काजरोळकर, दलितच. १९१९ साली सत्तावीस वर्षांच्या ज्या माणसानं साउथबरो कमिटीपुढं उभं राहून, आमच्या लोकांसाठी मताची अट खाली आणा म्हणून सांगितलं, ज्यानं सायमन कमिशनपुढं प्रत्येक प्रौढाला मत मागितलं, त्याला मतानंच पाडलं. या मुंबईच्या पालिकेतही १९४८ च्या निवडणुकीपर्यंत सगळ्यांना मत नव्हतं. कोण किती भाडं भरतो, किती कर भरतो, त्यावर नागरिक ठरायचा. माझ्या आजाच्या बापानं या शहराचा माल उतरवला, पण मत दिलं नसावं. त्याच्या झोपडीचं भाडं कोण मोजणार?

आता अर्ज भरल्याची गंमत. फॉर्म आधी भरायचा, मग सही करायची. सूचक, अनुमोदक, शपथपत्र. मालमत्तेच्या रकान्यात काय लिहू? कवितांच्या चार वह्या चल मालमत्तेत धरायच्या का, असं मी फॉर्म भरून देणाऱ्या पोराला विचारलं. तो म्हणाला, बाजारभाव काय? तिथंच विषय संपला. दुसरा कागद शौचालयाचा. उमेदवार संडास वापरतो असं लिहून द्यावं लागतं. आमच्या वस्तीला जो एक संडास आहे त्याला दार नाही, आत पाणी नाही, पण लिहून दिलं, बाबा, वापरतो. लोकशाहीसमोर मी पहिल्यांदा काय शाबीत केलं, तर हे.

मुंबईत एका उमेदवाराला १५ लाखांपर्यंत खर्च करायची मुभा होती. आमची अनामत टोळीनं काढली. कुणी शंभर, कुणी पन्नास. मुकादमानंही दिले. देताना पुन्हा म्हणाला, "पण वॉर्ड खुलाय रं."

आता मुख्य गोष्ट. ती सांगायलाच आलोय.

आमची वस्ती ज्या जमिनीवर आहे ती एका खात्याची. नळ दुसऱ्याचा. नळवाला म्हणतो जमीनवाल्याचा ना हरकत दाखला आणा. जमीनवाला म्हणतो तुम्ही इथं नाहीच आहात. मतदार यादीत मात्र आहोत, नाव, वय, फोटोसकट. पाणी आम्ही विकत घेतो. मोटर लावणारा एक, पाइप ओढणारा दुसरा, ड्रममागं पैसे. रात्री दोनला पाइप आला तर दोनला उठायचं. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं पाणी हक्क समितीच्या याचिकेवर सांगितलं की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, झोपडी बेकायदा म्हणून माणसाला तहानलेलं ठेवता येत नाही. तो निकाल माझ्या खिशात घडी घालून होता. सभेत वाचून दाखवायचो. बायका ऐकायच्या आणि पाइप आला की उठून जायच्या. बरोबरच होतं त्यांचं.

अर्ज मागं घ्यायचा शेवटचा दिवस २ जानेवारी. त्याच्या आदल्या रात्री एक जण आला. कुठल्या पक्षाचा ते सोडा, सगळ्यांकडं असली माणसं असतात. खुर्ची दिली, बसला नाही. म्हणाला, "कविराज, तुला पैसे देत न्हाय, तुझा अपमान करनार न्हाय मी. वस्तीत दोन टाक्या बसवतो. टँकर रोज. फक्त उद्या सही कर."

आई चुलीपाशी होती. बाजूची मावशी दारात. दोघींनी ऐकलं. तो गेल्यावर कुणीच काही बोललं नाही. मग मावशी म्हणाली, "कर सही."

दोस्तहो, मी रात्रभर जागा होतो. पैसे दिले असते तर तोंडावर फेकले असते. त्यात काय मोठं? फेकायला आपल्याला येतं. पण टाक्या! दोन टाक्या म्हणजे माझ्या आईची दोन वाजताची झोप. मी तत्त्वाच्या नावानं तिची झोप विकत होतो की काय?

मी महाडचा विचार केला. आपण महाड म्हटलं की ओंजळ आठवतो. मी त्या रात्री नगरपालिका आठवली. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात बोल्यांचा ठराव झाला, पाणवठे सगळ्यांना खुले. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं ठराव केला, चवदार तळं खुलं. बघा, तोच शब्द. खुलं! आणि तीन वर्षं एकाही अस्पृश्याला त्या तळ्याचं पाणी पिता आलं नाही. कागदावर खुलं आणि काठावर काठी. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारोंना घेऊन तळ्यावर गेले, तेव्हा ते नगरपालिकेचाच ठराव खरा करत होते. आणि त्यावर नगरपालिकेनं काय केलं? ऑगस्ट १९२७ मध्ये स्वतःचाच ठराव मागं घेतला. हात वर झाले, तळं बंद. कोर्टात खेटे घालत हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. ज्यांना नगरपालिका म्हणजे गटार आणि दिवाबत्ती वाटते त्यांनी ही तारीख काढून बघावी. ठराव करणारे आणि मोडणारे हात त्या सभागृहात असतात.

सकाळी मावशीला सांगितलं, सही करणार नाही. म्हणालो, ही टाकी दिलेली असेल, दिलेली टाकी उचलून नेता येते. चवदारचं पाणी प्यालो नाही तर आपण मरू असं नव्हतं, असं बाबासाहेबच म्हणाले होते, आपणही माणसं आहोत हे ठरवायला ते गेले होते. मावशी शिकलेली नाही. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबासायबानं लोकान्ला तळ्याव नेलं, पानी पाजलं. तू काय पाजलंस?"

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. आजही नाही. सही केली नाही एवढंच.

दुसऱ्या बाजूनं तात्या होते. तात्या गोदीतून रिटायर झालेले, जुने पँथर. ५ जानेवारी १९७४ ला वरळीच्या सभेत पोरगेले होते, डोक्यावर अजून टाक्यांची खूण आहे. पँथरनं मध्य मुंबईच्या लोकसभा पोटनिवडणुकीवर बहिष्कार पुकारला, त्या सभेवर दगड आले, मग दंगल, १० जानेवारीला मोर्चात भागवत जाधव गेला. तात्या म्हणाले, "आमी मत नाकारायसाठी मार खाल्ला आन् तू मत मागत फिरतूस?" मी म्हणालो, तात्या, तेव्हा तुमच्या बहिष्कारानं काँग्रेसचा माणूस पडला. म्हणजे तुमचं मत मोजलं गेलं, न देताही. माझं देऊनही मोजत नाहीत. तात्या चिडले. दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आमच्या पोरांबरोबर पत्रकं वाटताना दिसले. का, ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

भीती वाटली का, असं इथं एकानं चिठ्ठीवर लिहून विचारलंय. मुंबईत भीती पोटाची असते. पास बंद होईल, पाळी मिळणार नाही. आमच्या टोळीत एक तमिळ दोस्त आहे, त्यानं मेलवळवूची गोष्ट सांगितली. मदुराई जिल्ह्यातलं गाव. पंचायतीचं अध्यक्षपद अनुसूचित जातीला राखीव झालं, मुरुगेसन निवडून आला, आणि ३० जून १९९७ ला त्याला साथीदारांसह बसमधून उतरवून कापलं. त्याच जिल्ह्यात पाप्पापट्टी, कीरीपट्टी. राखीव खुर्चीवर कुणाला बसू द्यायचं नाही म्हणून २००६ पर्यंत दहा वर्षं तिथं निवडणूकच नीट होऊ दिली नाही. तिथं राखीव खुर्चीसाठी मुंडकं जातं. इथं खुल्या खुर्चीसाठी नुसतं हसतात. मला हसण्यावर भागलं. माझा पास चार दिवस बंद राहिला, मग सुरू झाला.

मोजणीच्या दिवशी आमच्या वस्तीच्या केंद्राचा आकडा आला. थोडी मतं होती, पण होती. मावशीनं दिलं की नाही माहीत नाही. वस्तीबाहेर मात्र जवळपास कोरडं. बाहेरचे लोक सभेत चांगले बोलायचे हो! "पोरगा हुशार आहे, राखीव सुटला की उभा राहा, नक्की देऊ." म्हणजे पुन्हा मुकादमाचाच सवाल, फक्त शुद्ध भाषेत.

टाक्या आल्या नाहीत. मी सही केली असती तर आल्या असत्या की नाही, कोण जाणे. बायका मला तोंडावर बोलत नाहीत, पण ड्रम भरताना मी गेलो की बोलणं थांबतं. ते मी भोगतो. तुमच्यातल्या ज्यांनी मला 'संसदीय झाला' म्हणून शिव्या घातल्या, त्यांच्या शिव्या त्यापुढं फुलासारख्या आहेत.

७ मार्च २०२२ ला पालिकेची मुदत संपली. तेव्हापासून जानेवारी २०२६ पर्यंत या शहरात नगरसेवकच नव्हता, प्रशासक होता. जवळजवळ चार वर्षं. सरकारी भाषेत कुणाला जाब विचारायचा तर दार नव्हतं. आता सभागृह भरलंय, आपला माणूस आत नाही, पण दार आहे. आम्ही घरांचे गट करून पाण्याचे अर्ज लिहितोय. प्रत्येक घराचं मतदार यादीतलं पान, वीज बिल असेल तर ते, आणि हायकोर्टाच्या निकालाची नक्कल. प्रत्येक अर्जाची पोच घ्यायची, शिक्क्यासकट. लिहिणारे कमी पडतात. वस्तीत मॅट्रिक झालेले आम्ही फार थोडे.

रविवारी या. सकाळी सातला, पाइपाची घाई नसते तेव्हा. पेन आपापला आणा. आणि मावशीच्या घरी पहिलं जायचंय, तिथं मला नाही, तुमच्यातल्या कुणाला तरी जावं लागेल.