‘परशुराम’चा जीर्णोद्धार



जीर्णोद्धार हा शब्द ऐकला की मंदिर डोळ्यांसमोर येते. परंतु पराक्रमाच्या साक्षीदार वस्तूंचाही जीर्णोद्धार करावा लागतो. भारतीय वायुदलाचे ‘परशुराम’ नावाचे डाकोटा विमान हे त्याचे बोलके उदाहरण आहे.

२६ ऑक्टोबर १९४७ रोजी महाराजा हरिसिंह यांनी विलीनीकरणाच्या करारावर स्वाक्षरी केली. दुसऱ्याच दिवशी सकाळी पहिल्या शीख बटालियनचे जवान डाकोटा विमानांतून दिल्लीहून श्रीनगरला पोहोचले. तेथील धावपट्टी शत्रूच्या हाती पडली आहे काय, याची उड्डाणाच्या वेळी खात्री नव्हती. बटालियनचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय त्याच दिवशी बारामुल्लाजवळ धारातीर्थी पडले. मात्र श्रीनगर वाचले. पुढे २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी जनरल थिमय्यांना सोबत घेऊन डाकोटा थेट लेहला उतरवले. सुमारे अकरा हजार फुटांवरची ती कच्ची धावपट्टी आणि मार्गात त्याहून कितीतरी उंच पर्वत! विमानात हवेचा दाब राखण्याची सोयही नव्हती.

अशी ही विमाने कालांतराने सेवेतून निवृत्त झाली आणि बहुतेक मोडीत गेली. माजी वैमानिक एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर यांनी वायुदलात डाकोटा चालवले होते. त्यांचे पुत्र राजीव चंद्रशेखर यांनी २०११ मध्ये एक जुने डाकोटा मिळवले आणि इंग्लंडमध्ये त्याचा जीर्णोद्धार करवून घेतला. ते वायुदलास भेट देण्याचा प्रस्ताव आरंभी नाकारला गेला. गोव्याचे सुपुत्र मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना त्याला अनुकूलता मिळाली. एप्रिल २०१८ मध्ये हे विमान इंग्लंडमधील कोव्हेंट्रीहून निघाले. युरोप व आखाती देश ओलांडून, सुमारे ४,८०० सागरी मैलांचा प्रवास करून ते जामनगरला उतरले. ४ मे २०१८ रोजी हिंडन तळावर ते विधिवत वायुदलात दाखल झाले.

जुने विमान मूळ रूपात आणणे म्हणजे केवळ रंग देणे नव्हे. रिव्हेटने जोडलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यांच्या सांध्यांत गंज लपलेला असतो. तो शोधून पत्रा बदलावा लागतो. सुमारे बाराशे अश्वशक्तीची, चौदा सिलिंडरांची दोन इंजिने सुटी करून पुन्हा जुळवावी लागतात. हे सारे झाल्यावरच बाहेरची खूण उमटवायची.

या विमानावर क्रमांक घातला गेला ‘व्हीपी ९०५’. २७ ऑक्टोबरला शीख जवानांना काश्मीरमध्ये नेणाऱ्या पहिल्या डाकोटाचा तो क्रमांक. येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. हे विमान श्रीनगरला उतरलेले ते विमान नव्हे. ते त्याच जातीचे, त्याचा क्रमांक धारण करणारे दुसरे विमान आहे. हे सांगितल्याने त्याचे मोल तिळमात्र कमी होत नाही. भग्न मूर्तीच्या जागी नवी मूर्ती बसते, तेव्हा पाषाण बदलतो, श्रद्धा अखंड राहते. मात्र ती नवी आहे हे कोणी लपवत नाही. स्मरणाला असत्याचा आधार लागत नाही. उलट असत्याने स्मरण पोकळ होते.

नावही अर्थपूर्ण आहे. केरळ आणि कोकण या दोन्ही किनाऱ्यांची भूमी परशुरामांनी सागराकडून मिळवली, अशी परंपरा आहे. मूळ केरळच्या कुटुंबाने दिलेल्या या विमानाच्या नावात म्हणूनच कोकणालाही आपलेपणा वाटावा.

प्रत्येकाला विमान विकत घेणे शक्य नाही. पण आपल्या गावात निवृत्त सैनिक आहेत. त्यांच्या पेटीत जुनी पत्रे, छायाचित्रे, पदके, सेवेच्या नोंदी आहेत. त्या कागदांना वाळवी लागण्यापूर्वी, त्या मुखांतील आठवणी विरून जाण्यापूर्वी त्यांच्याजवळ बसावे, विचारावे, तारखांसह लिहून ठेवावे. एका पुत्राने पित्यासाठी जे केले, ते प्रत्येक घराने आपल्या परीने करावे. राष्ट्राची स्मृती अशाच घराघरांतून जपली जाते.