शिल्पशास्त्र : पोथी आणि छिन्नी

बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा १८९० मध्ये पूर्ण झाला. मेजर मँट यांनी योजिलेले आणि रॉबर्ट चिझम यांनी तडीस नेलेले ते काम भव्य खरे. पण त्यातील घुमट, कमानी व छत्र्यांचा मेळ इंग्रज स्थपतींच्या कल्पनेने जमविलेला. गुजरात-माळव्यातील मंदिरांच्या मागे जे शास्त्र उभे आहे, त्याचा एक प्रमुख ग्रंथ त्याच संस्थानाने पुढे ३४ वर्षांनी छापावयास घेतला. भोजराजाच्या नावावर असलेला ‘समराङ्गणसूत्रधार’ गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९२४ आणि १९२५ मध्ये दोन भागांत निघाला. संपादक त्रिवेंद्रमचे गणपतिशास्त्री. नगररचना, घरे, प्रासाद, मूर्ती, चित्रे, इतकेच नव्हे तर यंत्रेही त्यात आहेत. हौशी वाचक उडत्या यंत्रांपाशीच रेंगाळतो; प्रासादांच्या प्रमाणांपर्यंत सहसा पोहोचत नाही.

ती प्रमाणे समजून घेण्यास भोपाळजवळचे भोजपूर गाठावे. तेथील अकराव्या शतकातले शिवमंदिर अपुरे राहिले, हे अभ्यासकांचे भाग्यच म्हणावयाचे. आसपासच्या खडकांवर आराखडे, थरांचे घाट, शिखराच्या रेषा कोरलेल्या आहेत. दगड वर चढविण्यासाठी घातलेला मातीचा उतारही दिसतो. श्लोकांत संज्ञा आणि गुणोत्तरे मिळतात. घाट नेमका कोठे वळवावा, हे मात्र शिष्य गुरूच्या हाताकडे पाहूनच शिके.

तो हात सोमपुरा घराण्यांनी राखला. सोमनाथाच्या नव्या मंदिराची रचना प्रभाशंकर ओघडभाई सोमपुरा यांची. तेथील प्राणप्रतिष्ठा ११ मे १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाली. प्रभाशंकरांनी लेखणीही चालविली. ‘दीपार्णव’, ‘क्षीरार्णव’ हे ग्रंथ त्यांनी गुजरातीतून उलगडून दाखविले.

आज गावोगाव सिमेंटच्या साच्यातून शिखरे निघतात. दगडावर दगड तोलून भार खाली नेताना जी जाडी आली, जो थराथराने आत सरणारा आकार घडला, त्याची सळईच्या काँक्रीटला गरजच नाही. तेथे शिखर टोपीसारखे नुसते वर बसते. दगड यंत्राने कापण्यास हरकत नसावी. अडते ते शिक्षणापाशी. वास्तुविद्येच्या विद्यार्थ्याला ग्रीक स्तंभांचे प्रकार ठाऊक असतात. जाड्यकुंभ, कर्णिका, ग्रासपट्टी ही पीठाच्या थरांची नावे त्याच्या कानी क्वचितच पडतात. त्याला बडोद्याचे ते दोन भाग द्यावेत, सोबत एखादा सोमपुरा द्यावा आणि महिनाभर भोजपूरच्या खडकांवर मापे घेण्यास बसवावे.