संगणकाच्या आतला संगणक

आमगाव, देवरी किंवा गोंदियाच्या सेवा केंद्रात आपण ऑनलाइन अर्ज भरतो, तेव्हा तो पलीकडे बहुधा एखाद्या आभासी संगणकात उतरतो. एकाच दणकट सर्व्हरवर असे अनेक संगणक निव्वळ सॉफ्टवेअरच्या जोरावर चालतात. एका वाड्यात अनेक बिऱ्हाडं असावीत आणि दारावर राखणदार एकच, तसं. हा राखणदार म्हणजे आभासी नेटवर्क स्विच.

मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्ही प्रणालीत नेमका तोच गाफील निघाला. ‘व्हीएमस्विच’ हा त्यातला भाग आभासी संगणकाकडून आलेल्या एका प्रकारच्या विनंतीतला मेमरीचा पत्ता न तपासताच वापरायचा. कुणी मुद्दाम खोटा पत्ता धाडला, तर मूळ सर्व्हरच कोसळणार, आणि त्याच्यासोबत शेजारचे सगळे निरपराध संगणकही! मूळ सर्व्हरचा ताबा मिळण्याचाही धोका होताच. 2019 पासून कोडमध्ये दडलेला हा दोष गार्डिकोअर आणि सेफब्रीच या कंपन्यांच्या संशोधकांनी हुडकला. गांभीर्य ठरलं 10 पैकी 9.9. दुरुस्ती आली मे 2021 मध्ये. मायक्रोसॉफ्टची ॲझ्युर ही क्लाउड सेवाही हायपर-व्हीवरच उभी आहे, आणि 2015 पासून तिचं एक केंद्र आपल्या पुण्यात आहे.

क्लाउड कंपन्या आपली डागडुजी स्वतः करतात. खरी काळजी वाटते ती स्वतःचा सर्व्हर बाळगणाऱ्या संस्थांची. तिथे अपडेट टाकायचं, तर यंत्रणा थोडा वेळ बंद ठेवावी लागते, आणि हे काम हमखास ‘मार्चनंतर बघू’ म्हणून मागे पडतं.