अम्मीची उंडीण

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चिपळूणहून गाडी काढली. मुलगा गाडी चालवत होता. सोबत मी, पत्नी, नात आणि ऐंशी वर्षांची अम्मी. अम्मीला अक्षरओळख नाही. माझे तीन कवितासंग्रह तिच्या कपाटात आहेत. त्यांवरची धूळ ती पुसते, एवढंच.

पहिला थांबा मालगुंड. गणपतीपुळ्याजवळच्या या गावी १८६६ साली केशवसुत जन्मले आणि १९०५ साली, चाळिशीही न गाठता, हुबळीला प्लेगनं गेले. त्यांच्या जन्मघरापाशी १९९४ साली उभ्या राहिलेल्या स्मारकाचं उद्घाटन कुसुमाग्रजांनी केलं. तिथल्या दालनात कवींच्या तसबिरी आहेत. अम्मीनं त्या एकेक निरखल्या आणि विचारलं, ‘‘यात तुझा फोटो कुठाय?’’ मी हसण्यावारी नेलं.

दुसऱ्या दिवशी कुडाळजवळचं पिंगुळी. परशुराम गंगावणे यांनी इथं चक्क गुरांच्या गोठ्यात संग्रहालय थाटलं. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ठाकर समाजाची चित्रकथी म्हणजे रामायण-महाभारतातली चित्रं एकेक करून पुढे धरायची आणि गात गात गोष्ट सांगायची. शेजारी कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या. वनवासाची गोष्ट ऐकताना अम्मीनं डोळ्यांना पदर लावला. म्हणाली, ‘‘कुणी सांगितलं की समजतं रे मला!’’

ते वाक्य मला लागलं.

सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा पाहिला. गोल, हातानं रंगवलेले पत्ते. नाव फारसी, खेळ मोगलांबरोबर आलेला आणि पत्त्यांवर दशावतार! प्रत्येक अवताराचे बारा, असे एकशे वीस. ‘मुसलमान असून मराठीत कसे लिहिता?’ असं मला तीस वर्षं विचारतात. उत्तर म्हणून एक संच विकत घेऊन ठेवला आहे.

परतीच्या वाटेवर मी पिशवीतून माझा संग्रह काढला आणि आमच्या विहिरीवरची कविता अम्मीला वाचून दाखवली. आयुष्यात पहिल्यांदा. गाडीत सगळे गप्प. ती संपल्यावर अम्मी म्हणाली, ‘‘चांगली आहे. पण विहिरीवर चिंच कुठली? उंडीण होती ती.’’

वीस वर्षं छापील असलेली चूक एकाही समीक्षकाला दिसली नव्हती. दुसरी आवृत्ती निघालीच, तर त्यात उंडीण असेल. तोवर रोज रात्री अम्मीला एक कविता वाचून दाखवतो. चुका निघताहेत.