सायकलीनं पायथ्यापर्यंत, पायी माथ्यापर्यंत

आम्ही कन्नड तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बाया बोलतोय. आज हप्त्याचं, शेळीपालनाचं, लोणच्याच्या मसाल्याचं काही सांगणार नाही. मागच्या जूनमध्ये आम्ही नऊजणी संध्याकाळी सायकली काढून गावाबाहेर गेलो, डोंगर चढलो आणि परत आलो, ते सांगायचंय.

तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? डोंगर तर आपण जन्मभर चढतो. सरपणाला जातो, शेळ्यांमागं जातो, नवरात्रात देवीला जातो. खरंय. पण नुसतं चढायचं म्हणून कधी गेलात का? आणि ते पण संध्याकाळी? संध्याकाळ बाईची नसतेच मुळी. गडीमाणसं पारावर, पोरं मैदानात, आणि आपण गोठ्यात नाहीतर चुलीपुढं. सकाळी मागितला तर एखादा तास मिळतो, दिवेलागणीला मागून बघा. म्हणून आमच्या बैठकीत पहिला प्रश्न बिबट्याचा निघाला नाही. भाकरी कोण टाकणार, हा निघाला.

त्यावर तासभर बोलणं झालं. दोघींच्या सासूबाई म्हणाल्या, जा, आम्ही बघतो. एकीच्या पोरानं खिचडी लावायचं कबूल केलं. चारपाचजणींनी दुपारीच भाकरी थापून ठेवायचं ठरवलं. धारेचं ज्यानं त्यानं घरात बोलून घेतलं. एकीच्या घरून मात्र साफ नाही आलं. "बायांचं काय काम तिकडं?" एवढंच उत्तर. ती आली नाही, पण तिनं लेकीची सायकल आम्हाला दिली. आम्ही दहा निघणार होतो, नऊ निघालो.

दिवस निवडला २१ जून, वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. डिसेंबरात आपल्याकडं सहाच्या आत सूर्य बुडतो, या दिवशी सात वाजून दहा मिनिटांच्या आसपास. म्हणजे सव्वा तास जास्तीचा उजेड, फुकटचा. पृथ्वीचा आस कललेला आहे, जूनमध्ये उत्तरेकडची बाजू सूर्याकडं झुकते, म्हणून हे होतं. जितकं उत्तरेला जावं तितका दिवस लांबतो. इंग्लंडच्या वर स्कॉटलंड आहे. तिथं या दिवसांत रात्री दहापर्यंत सूर्य असतो, दिवस साडेसतरा तासांचा. तिथले लोक कामावरून सुटले की सायकलीनं पायथ्याशी जातात, सायकल ठेवून डोंगर चढतात आणि उजेडातच खाली येतात. सूर्य गेल्यावरही तिथं कितीतरी वेळ दिसत राहतं. आपल्याकडं तसं नाही. सूर्य गेला की वीस-पंचवीस मिनिटांत अंधार. आम्ही सगळा हिशेब त्या वीस मिनिटांवर केला.

त्यांचा डोंगर मोठा असेल असं आम्हाला वाटलेलं. तर त्यांचा सगळ्यात उंच बेन नेव्हिस १३४५ मीटर, आणि आपली कळसूबाई १६४६! तिची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. कळसू पाटलाच्या घरी कामाला राहिली ती अटीवर, की अमुक कामं करणार नाही. पाटलानं तीच कामं सांगितली, तशी ती घर सोडून डोंगरावर निघून गेली. गोष्ट गावागावाला वेगळी सांगतात. आमच्या बैठकीत ती निघाली तेव्हा बाया खूप हसल्या.

जागा निवडताना एक गोष्ट पक्की होती, गौताळ्यात जायचं नाही. गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ साली झालं, २६० चौरस किलोमीटरचं आहे. (औट्रम हा एक इंग्रज अधिकारी. घाट त्याच्या नावाचा, चढतो-उतरतो आपण.) तिथं बिबटे आहेत. २०२१ साली तर एक वाघ यवतमाळकडच्या टिपेश्वरहून चालत चालत तिथं येऊन पोचला होता. संध्याकाळ ही जनावरांच्या हिंडण्याची वेळ, तिथं आपण कशाला? म्हणून अभयारण्याबाहेरचा, गावापासून सहा किलोमीटरवरचा डोंगर धरला. माथ्यावर देवीचं लहानसं ठाणं आहे, वाट मळलेली आहे.

सायकली लेकींच्या. आठवीच्या पुढच्या पोरींना मानव विकास कार्यक्रमातून शाळेसाठी सायकली मिळतात, त्या संध्याकाळी भिंतीला टेकूनच असतात. नऊतल्या तिघींना चालवता येत नव्हती. पंधरा दिवस शाळेच्या मैदानावर लेकींनी आयांना शिकवलं. मागून कॅरिअर धरून पळायच्या आणि ओरडायच्या, "आई, खाली नको बघू, पुढं बघ!" तमिळनाडूत पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरतेच्या मोहिमेत हजारो बाया अशाच सायकल शिकल्या. वाचायला शिकणं आणि सायकल शिकणं तिथं एकाच मोहिमेत झालं. आम्हाला ते फार पटतं. बँकेत, दवाखान्यात, बाजाराला जायला कुणाच्या गाडीची वाट बघायची नाही, हे काय कमी आहे?

साडीचं सांगायला पाहिजे. पदर आणि काठ चेनमध्ये जातो आणि माणूस तोंडावर पडतं. आम्ही काहींनी पंजाबी ड्रेस घातले, काहींनी काष्टा मारला. चप्पल नको, मागं पट्टा असलेली सँडल नाहीतर बूट. उतारावर पुढचा ब्रेक एकदम दाबू नका, मागचा आधी. मडगार्डला रेडियमची पट्टी लावा, दहा-वीस रुपयांत येते.

पाऊस लांबला होता, सरकी लावायची राहिली होती, म्हणूनच सगळ्या मोकळ्या होत्या. पावणेपाचला निघालो. पारावरून एकानं विचारलं, कुठं मोर्चा? आमच्यातल्या वहिनी म्हणाल्या, हवा खायला. साडेपाचला पायथा. ओळखीच्या शेतवस्तीवर सायकली लावल्या, घोटभर पाणी घेतलं, हातात काठ्या घेतल्या. काठी आपटत चाललं की साप बाजूला होतो. प्रत्येकीजवळ दोन लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे, मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी. दम लागला की थांबायचं आणि सगळ्यात सावकाश चालणारीला पुढं ठेवायचं. यामुळं कुणी मागं राहत नाही.

पुढं होत्या आमच्या मावशी, साठीच्या. गॅस येईपर्यंत तीस वर्षं त्यांनी याच डोंगरावरून मोळ्या आणल्या. कुठला दगड हलतो, कुठं सावली आहे, सगळं पाठ. सव्वासहाला माथ्यावर पोचलो. उत्तरेला कडा तुटतो आणि खाली खानदेश पसरलेला दिसतो, चाळीसगावकडची सपाटी, मध्ये चमकणारं तळ्याचं पाणी. मावशी बराच वेळ उभ्याच. मग म्हणाल्या, "इतक्या वेळा आले, पण मोळी बांधायची आणि उतरायचं. डोक्यावर ओझं असलं की बाई पायाखालचंच बघते." आम्ही कुणी काही बोललो नाही. एकीनं त्यांना शेंगदाणे दिले.

पावणेसातला उठलो. मन होत नव्हतं, पण ते ठरलेलं होतं. सूर्य बुडताना वाटेवरच होतो, सव्वासातला खाली, आठला घरी. जिच्या सायकलीवर तिच्याऐवजी दुसरी गेली होती, ती वेशीजवळ उभी होती. तिनं आधी सायकल निरखली, मग विचारलं, "वरून आपलं गाव दिसतं का?" दिसतं. पाण्याची टाकी आणि शाळेचे पत्रे ओळखू येतात.

यंदाही पाऊस लांबला तर आम्ही जाणार. तुमच्या गटाला जायचं असेल तर कामाचं एक ऐका. सायकलीत हवा आदल्या रात्री नाही, दोन दिवस आधी भरा. बारीक पंक्चर असेल तर तेवढ्यात कळतं, आणि काढायला वेळ मिळतो.